विकत घ्यायच्या आधी जमीन नीट बघा: सिम्युलेटरच्या ग्राउंड टेक्स्चरची तुलना कशी करायची

सीनरी, म्हणजे घरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये वरून बसवायची जमीन, तिच्या जाहिरातीतला स्क्रीनशॉट जवळजवळ नेहमी सूर्य कलल्यावर घेतलेला असतो. तिरप्या उन्हात कुठलीही जमीन देखणी दिसते. डोंगरांच्या सावल्या लांबतात, पाणी चमकतं, आणि टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर चढवलेलं चित्र, नेमकं कसं आहे ते मात्र त्या झगमगाटात कळत नाही. तेच ॲड-ऑन (सिममध्ये वरून बसवायची जोड) भर दुपारी, दीड हजार फुटांवर, डावं वळण घेताना पंखाखाली बघा. मग कळतं पैसे कशाचे दिले ते.

घरच्या सिम्युलेटरवर नव्याने बसलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात चांगलं टेक्स्चर कुठलं? याचं उत्तर मी तरी देणार नाही, कारण ते तुम्ही किती उंचीवरून, किती वेगाने आणि दिवसाच्या कुठल्या वेळी उडता यावर ठरतं. तुमच्यासाठी कुठलं बरं, हे मात्र एका संध्याकाळच्या मेहनतीत नक्की काढता येतं. ते कसं, तेवढं सांगतो.

जमिनीची जात ओळखा

ग्राउंड टेक्स्चरचे ढोबळ दोन प्रकार. पहिला लँडक्लास. सिम्युलेटरकडे एक नकाशा असतो: इथे शेती, इथे दाट वस्ती, इथे पानगळीचं जंगल. प्रत्येक प्रकारासाठी तयार चित्रांचा एक संच असतो आणि फरश्या बसवाव्यात तशी ती चित्रं जमिनीवर बसवली जातात. २००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एफएसएक्स (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) या सिममध्ये अशी एक फरशी १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलची आणि सुमारे १.२ किलोमीटर बाजूची असते, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण १.२ मीटर जमीन. ऑर्ब्क्सचं एफटीएक्स ग्लोबल किंवा फ्लाइट-वनचं ग्राउंड एन्व्हायर्नमेंट एक्स ही ॲड-ऑन हाच फरश्यांचा संच बदलतात. जग तेच राहतं, फरशी नवी येते.

दुसरा प्रकार फोटोरिअल, ज्याला एक्स-प्लेन हे सिम वापरणारे ऑर्थो म्हणतात. इथे त्या जागेचा खराखुरा हवाई किंवा उपग्रह-फोटो जमिनीवर अंथरलेला असतो. प्रत्येक शेताचा बांध, नदीचं प्रत्येक वळण जागच्या जागी. खिडकीतून बघत, रस्ते आणि तळी ओळखत उडणाऱ्यांना यासारखं सुख नाही.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० आणि २०२४ ची आवृत्ती वापरत असाल तर फोटो आधीच तुमच्या पायाखाली आहे, कारण ते सिम बिंग मॅप्सची चित्रं इंटरनेटवरून ओढत असतं. तिथे जमीन धुरकट दिसली तर आधी सेटिंगमध्ये ऑनलाइन डेटा चालू आहे का, रोलिंग कॅशेला (उतरवलेली चित्रं डिस्कवर साठवायच्या जागेला) पुरेशी जागा दिली आहे का आणि नेटचा वेग टिकतो का, हे तपासा. खिशात हात घालायची वेळ त्यानंतर. या लेखातली बरीचशी खटपट एक्स-प्लेन, प्रीपारथ्रीडी आणि एफएसएक्स ही सिम वापरणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल, पण तुलनेची रीत सगळीकडे तीच.

एकदाच करायचं गणित

कंटाळा येईल, पण पाच मिनिटं द्या. पुढचे हजारो मेगाबाइट वाचतील.

तुमचा मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद आहे आणि सिममधली आडवी नजर (फील्ड ऑफ व्ह्यू) साधारण ६० अंशांची ठेवली आहे असं धरू. मग पडद्याच्या मध्यावरचा एक पिक्सेल, तुमच्यापासून जमीन जितकी दूर त्याच्या ०.०००६ पट जमीन दाखवतो. जमीन १००० मीटरवर असेल तर एका पिक्सेलमध्ये ०.६ मीटर. याहून बारीक टेक्स्चर बसवलं तरी तो बारकावा पडद्यावर उतरणार नाही, आणि याहून जाड बसवलं तर ते धुरकट दिसणार. फोरके मॉनिटर असेल तर ०.०००६ च्या जागी ०.०००३ घ्या.

आता ऑर्थोच्या झूम लेव्हल. त्यांना झेडएल म्हणतात; आकडा जितका मोठा तितकं चित्र बारीक. विषुववृत्तावर झेडएल १६ म्हणजे पिक्सेलला सुमारे २.४ मीटर, झेडएल १७ म्हणजे १.२, झेडएल १८ म्हणजे ०.६. दर पायरीला निम्मं. विषुववृत्तापासून दूर जाल तसं हे आकडे आणखी लहान होतात. ४५ अंश अक्षांशावर झेडएल १७ चा पिक्सेल ०.८५ मीटरच्या आसपास येतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जेट विमान ३५,००० फुटांवर, म्हणजे साधारण १०,७०० मीटरवर. गुणाकार केला की ६.४ मीटर. म्हणजे लांबच्या उड्डाणातल्या नेहमीच्या उंचीवरून झेडएल १६ सुद्धा गरजेपेक्षा बारीक झालं! तिथे झेडएल १८ बसवणारा माणूस डिस्क भरतो, दुसरं काही नाही. उलट छोट्या सेसनात १,५०० फुटांवर, सुमारे ४६० मीटरवर, हिशेब येतो पिक्सेलला २८ सेंटिमीटर. झेडएल १८ सुद्धा तिथे कमी पडतं. (वैमानिक सरळ खाली न बघता तिरकं बघतो, त्यामुळे जमीन उंचीपेक्षा लांब पडते आणि प्रत्यक्षात थोडी सूट मिळते. थोडीच.)

या दुसऱ्या आकड्यात खरी मेख आहे. खालच्या उंचीवर फोटो कितीही बारीक केला तरी तो गालिचाच. जमीन खरी वाटते ती तिच्यावर उभ्या असलेल्या झाडांमुळे आणि घरांमुळे, म्हणजे ऑटोजेनमुळे. म्हणून कमी उंचीवर उडणाऱ्याने टेक्स्चरच्या पिक्सेलपेक्षा त्यासोबत ऑटोजेन कसं येतं हे आधी विचारावं.

डिस्क किती खाणार

ऑर्थोची जागाही आधी मोजता येते. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक चित्र नेहमीच्या डीडीएस कॉम्प्रेशनमध्ये, त्याच्या लहान आवृत्त्यांसकट, सुमारे ११ एमबी होतं. एक अंश बाय एक अंशाच्या टाइलला विषुववृत्ताजवळ झेडएल १६ वर ढोबळ दीड जीबी लागतात, झेडएल १७ वर ६, झेडएल १८ वर २३ च्या घरात. दर पायरीला चौपट. उत्तर-दक्षिण सरकत गेलात की हा आकडा वाढतो. ४५ अंशांवर जवळपास दीडपट होतो.

ऑर्थोफोरएक्सपी या मोफत साधनात पूर्ण टाइल झेडएल १६ वर आणि फक्त विमानतळांच्या आसपास वरची लेव्हल, अशी सोय आहे. सुरुवातीला तीच घ्या. टाइल बनवायला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. आणि एवढं सगळं उतरवायचंच नसेल तर ऑटोऑर्थो हे साधन उडता उडता लागेल तेवढंच नेटवरून आणतं. नेट डळमळीत असेल तर मात्र त्याच्या वाट्याला जाऊ नका. एक गोष्ट ध्यानात असू द्या: ही चित्रं नकाशा पुरवणाऱ्यांची असतात. स्वतःपुरती वापरा, बनवलेल्या टाइल वाटत सुटू नका.

एका वेळी एकच बदल

नवखा माणूस उत्साहात टेक्स्चर, मेश, झाडं आणि ढग एकाच दिवशी बसवतो. मग फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडला की कोणामुळे पडला ते कळत नाही. एक बसवा, बघा, लिहून ठेवा, मग दुसरं.

मेशचा उल्लेख केला म्हणून सांगतो: मेश म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, टेक्स्चर म्हणजे तिच्यावरचं चित्र. डोंगर मेणासारखा वितळलेला दिसत असेल तर दोष मेशचा, आणि कितीही महाग टेक्स्चर घेतलंत तरी तो जाणार नाही. फुकटच्या बऱ्याच मेशमागे फेब्रुवारी २००० मधल्या शटल रडार मोहिमेची मोजणी आहे. ती ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्याची झाली, त्यामुळे त्यापलीकडच्या मुलखासाठी मेश कशावरून बनवलाय हे वेगळं तपासावं लागतं.

बसवताना प्रत्येक सिमची एकेक खोड असते. एफएसएक्स आणि प्रीपारथ्रीडीमध्ये फरश्या बदलणारं ॲड-ऑन मूळ फायलींवरच नव्या फायली लिहू शकतं. सीनरी फोल्डरातल्या वर्ल्ड फोल्डरमधल्या टेक्स्चर फोल्डरची प्रत आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर तुलना करायला जुनी जमीन उरणारच नाही. एफएसएक्स ३२ बिटचं आहे, ४ जीबीच्या वर मेमरी त्याला पेलत नाही. भारी फोटोरिअल आणि भारी विमान एकत्र आणलं की उतरतानाच, अगदी धावपट्टी समोर असताना, सिमच बंद पडतं. प्रीपारथ्रीडी २०१७ च्या चौथ्या आवृत्तीपासून ६४ बिटचं झालं आणि हा ताप गेला.

एक्स-प्लेनमध्ये सगळा खेळ क्रमाचा. कस्टम सीनरी फोल्डरात सीनरी पॅक्स नावाची आयएनआय फाइल असते, तिच्यात जे वर ते आधी. विमानतळ वर, त्याखाली ओव्हरले, त्याखाली ऑर्थो, तळाला मेश. एका टाइलसाठी मूळ जमीन एकच दिसते, त्यामुळे ऑर्थो आणि मेश यांची जागा उलटी झाली तर पैसे देऊन आणलेला फोटो नुसता डिस्कवर पडून राहतो. पण हाच नियम तुलनेला फार सोयीचा आहे. एकाच टाइलचे दोन ऑर्थो ठेवा, आयएनआय फाइलमध्ये एकाच्या ओळीतल्या SCENERY_PACK च्या जागी SCENERY_PACK_DISABLED लिहा, सिम पुन्हा चालू करा, बघा, मग उलट करा. काही काढायला नको, पुसायला नको. ओव्हरले मात्र विसरू नका. रस्ते, झाडं, घरं त्यातून येतात. ऑर्थो बसवून जग सपाट कागदासारखं दिसलं तर दहातल्या नऊ वेळा ओव्हरले राहिलेलं असतं.

चाचणी

एक जागा निवडा जिथे वस्ती, शेती, पाणी आणि चढ असं सगळं वीसेक किलोमीटरच्या आत मिळेल. शक्यतो प्रत्यक्ष पाहिलेली जागा घ्या. डोळ्यांना खोटं लगेच सापडतं. तारीख, वेळ आणि हवा पक्की करा: जूनची १५ तारीख, दुपारी १२, निरभ्र. ही स्थिती सेव्ह करा आणि दर वेळी तिथूनच उघडा. ढग असतील तर तुलना संपली, कारण त्यांची सावली दर वेळी वेगळी पडते.

१,०००, ३,०००, १०,००० आणि ३५,००० फूट अशा चार उंच्यांवरून तोच कोन ठेवून स्क्रीनशॉट घ्या. फाइलच्या नावात ॲड-ऑन आणि उंची लिहा. दोन दिवसांनी "चित्र ७" कशाचं होतं हे आठवत नाही, स्वानुभव आहे. पहिल्यांदा लोड झालेली फेरी सोडून द्या; तेव्हा सिम शेडर आणि कॅशे तयार करत असतं आणि आकडे वाईट येतात. दुसऱ्या फेरीचा फ्रेम रेट, व्हीआरॅमचा (ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचा) वापर आणि लोड व्हायला लागलेला वेळ टिपा.

चित्रं शेजारी ठेवून काय बघायचं? ३५,००० फुटांच्या चित्रात लँडक्लासची पुनरावृत्ती शोधा. तेच वळण घेतलेलं गाव, त्याच आकाराचं तळं पुन्हापुन्हा दिसलं की फरश्या उघड्या पडल्या. फोटोत हा दोष नसतो, पण तिथे वेगळं ठिगळ असतं: दोन फोटो वेगवेगळ्या दिवशी काढलेले, आणि शेताच्या मधूनच सरळ रेषेत हिरवा रंग तपकिरी होतो. १,००० फुटांच्या चित्रात झाडं फोटोतल्या झाडांवर उभी आहेत का, की रस्त्यात, हे बघा. उभ्या झाडांचा हिरवा आणि जमिनीवरचा हिरवा जुळतो का तेही. किनाऱ्यावर फोटोतला समुद्र आणि सिमचं पाणी यांच्यामध्ये पांढरी किंवा काळी किनार राहते का? पैसे मागणाऱ्या ॲड-ऑनमध्ये ती राहिलेली मला खपत नाही.

फोटोचं आणखी एक बिंग संध्याकाळी फुटतं. बरीच उपग्रह-चित्रं स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला घेतलेली असतात. उत्तर गोलार्धात तेव्हा सूर्य बहुतेक वेळा आग्नेयेला असतो, म्हणून इमारतींची सावली फोटोत वायव्येकडे छापली जाते, कायमची. आता सिममध्ये संध्याकाळचे सहा वाजवा. सिमच्या सावल्या पूर्वेकडे, फोटोतल्या वायव्येकडे. एकाच मनोऱ्याला दोन सावल्या! चांगला सीनरीकार छापील सावल्या शक्य तितक्या फिक्या करतो. मी तर ॲड-ऑन उघडल्यावर पहिली वेळ सहाचीच लावतो. विमानतळाचं ॲप्रनही, म्हणजे विमानं उभी करायची जागा, बघून घ्या. फोटो काढताना उभी असलेली विमानं तिथे पापडासारखी चिकटलेली दिसतात आणि आपण त्यांच्यावर विमान उभं करतो.

आता उडा, आणि मध्येच थांबा

स्थिर चित्रांवर निर्णय देऊ नका. ३,००० फुटांवर २५० नॉटने सरळ दहा मिनिटं उडा. या वेगात सेकंदाला जवळपास १२९ मीटर जमीन मागे पडते, म्हणजे झेडएल १७ चं ४०९६ पिक्सेलचं एक चित्र, जवळपास पाच किलोमीटरची चादर, अवघ्या ३८ सेकंदांत संपतं. आजूबाजूच्या आणि पुढच्या कितीतरी चादरी तेवढ्या वेळात डिस्कवरून उचलून व्हीआरॅममध्ये जायला हव्यात.

दहा मिनिटांनी समोरची जमीन धुरकट झाली असेल तर पॉज दाबा आणि अर्धा मिनिट हात जोडून बसा. जमीन हळूहळू स्वच्छ होत गेली, तर टेक्स्चर चांगलं आहे. तुमची डिस्क, प्रोसेसर किंवा नेट मागे पडतंय. सीनरी एसएसडीवर हलवा, एक झूम लेव्हल खाली या किंवा फ्रेम रेटला मर्यादा घाला, म्हणजे लोडिंगला श्वास मिळेल. अर्ध्या मिनिटाने काहीच बदललं नाही तर एवढंच टेक्स्चर आहे, पुढचं ॲड-ऑन बघा. ही एक चाचणी ज्याला माहीत नसते तो संगणक दोषी असताना सीनरी बदलत बसतो, किंवा उलट.

याच उड्डाणात लांबची जमीन मुंग्या चालल्यासारखी चमचमते का ते बघा. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरकी दिसणारी लांबची जमीन स्वच्छ ठेवणारी ग्राफिक्स सेटिंग) १६ पट करून बघा. तरीही मुंग्या राहिल्या तर बहुधा टेक्स्चर बनवणाऱ्याने मिपमॅप, म्हणजे दुरून वापरायच्या लहान प्रती, दिलेल्याच नाहीत. याला ग्राहकाच्या बाजूने इलाज जवळजवळ नाही.

रात्र

ही चाचणी मी शिकलो ती पस्तावून. एका छोट्या विक्रेत्याचा फोटोरिअल पॅक घेतला, दिवसा दोन आठवडे मजेत उडलो आणि मग एका रात्री उतरायला गेलो. धावपट्टीचे दिवे होते, भोवतीचं शहर नव्हतं. नुसता काळोख. ड्रायव्हर बदलला, सिम पुन्हा बसवलं, शनिवार-रविवार गेला. शेवटी कळलं की पॅकमध्ये रात्रीचं टेक्स्चरच नव्हतं. विक्रीच्या पानावर तळाला एका ओळीत तसं लिहिलेलंही होतं.

लँडक्लासच्या फरशीसोबत रात्रीची फरशी सहसा येते, म्हणून खिडक्या आणि रस्ते आपोआप उजळतात. फोटोला रात्र नसते. तिथे उजेड येतो तो वरून बसवलेल्या रस्त्यांच्या दिव्यांतून आणि इमारतींतून, म्हणजे पुन्हा ओव्हरले आणि ऑटोजेन. ऋतूंचंही तसंच. फरश्यांच्या संचात उन्हाळा, पानगळ, हिवाळा आणि कडक हिवाळा असे वेगळे पोशाख असू शकतात. फोटो मात्र ज्या दिवशी काढला त्या दिवसाचाच. कोणी मुद्दाम ऋतूंचे वेगळे संच बनवले तरच तो बदलतो, आणि मग डिस्कवरची जागाही तितक्या पटीने वाढते. म्हणून आपली सेव्ह केलेली स्थिती १५ जानेवारी, रात्री ९ अशी करून एकदा उघडा. पानावर "सीझन" आणि "नाइट" हे दोन शब्द सापडले नाहीत तर ते नाहीत असंच समजा.

मग घ्यायचं काय

जेट विमान, लांबचे पल्ले, रात्रीची उतरणी हे तुमचं उड्डाण असेल तर चांगला लँडक्लास संच घ्या. तो एकदाच बसवायचा, जगभर चालतो, डिस्कला हलका. छोट्या विमानाने एकाच प्रदेशात खिडकीबाहेर बघत उडत असाल तर त्या प्रदेशापुरता फोटो आणि त्यावर भक्कम ऑटोजेन. हेलिकॉप्टरवाल्यांनी तर ऑटोजेनवरच आधी खर्च करावा. जमिनीपासून दोनशे फुटांवर फोटो नुसता रंगाचा धब्बा असतो. दोन्ही करायचं असेल तर जगभर लँडक्लास आणि आवडत्या चार-पाच टाइलना ऑर्थो. मी तसंच करतो. दोन्हींच्या सीमेवर रंग एकदम बदलतो, पण ३,००० फुटांवर ती रेषा ओलांडायला दोन सेकंद लागतात.

विकत घेण्याआधी त्या विक्रेत्याचा एखादा मोफत नमुना प्रदेश मिळतो का बघा आणि तो तुमच्या सेव्ह केलेल्या उंच्यांवर चालवा. स्क्रीनशॉटचं फोल्डर पुसू नका. पुढच्या वेळी सिमचं मोठं अपडेट आलं आणि जमीन वेगळी भासली, की तीच स्थिती उघडून जुनं चित्र शेजारी लावायचं. फरक खरा आहे की नुसता भास, ते तिथल्या तिथे कळतं.